जोडसुट्टीत तलावाकाठी एक दिवस: निघण्यापासून परतण्यापर्यंतचा क्रम

जोडसुट्टी आली की निवांत व्हायला म्हणून तलावाकाठी गेलेली मंडळी संध्याकाळी दमून, एकमेकांवर वैतागून परततात. दोष बहुधा दिवसाच्या क्रमाचा असतो. उशिरा निघणं, भर दुपारी पोहोचणं, गाडी लावायला जागा शोधत फिरणं, पोहोचल्या पोहोचल्या मुलांना पाण्यात सोडणं आणि शेवटी सगळ्या गर्दीबरोबर एकाच वेळी परतीला लागणं. एखादी वस्तू घरी राहिली तर निभावून नेता येतं, पण क्रम चुकला तर दिवस हातचा जातो. म्हणून इथे सामानाच्या यादीपेक्षा कोणती गोष्ट कधी करायची यावर भर दिला आहे.

## टप्पा १: दिवस शेवटाकडून मोजा

"सकाळी किती वाजता निघायचं?" हा पहिला प्रश्न नव्हे. घरी किती वाजता पोहोचायचं ते आधी ठरवा आणि तिथून मागे मागे या.

समजा सूर्यास्त सातला आहे आणि उजेड असेतो घरी यायचं आहे. एरवी दीड तासाचा रस्ता जोडसुट्टीच्या संध्याकाळी अडीच तासांचा धरा. म्हणजे साडेचारला गाडी हलायला हवी. आवराआवर, कपडे बदलणं, स्वच्छतागृह यात पाऊण तास सहज जातो. म्हणजे पावणेचारला शेवटचा माणूस पाण्याबाहेर असला पाहिजे. काठावर सात तास मिळावेत असं वाटत असेल तर साडेनऊला पोहोचायला हवं, आणि त्यासाठी साधारण पावणेआठला गाडी सुरू झालेली हवी. एवढं कागदावर मांडलं की "दहापर्यंत आरामात निघू" हा बेत का फसतो ते आपोआप दिसतं.

परतीचे चांगले पर्याय दोनच आहेत: गर्दीच्या आधी निघणं, किंवा रात्री गाडी चालवायची सवय असेल तर संध्याकाळचं खाणं काठावरच उरकून गर्दी ओसरल्यावर निघणं. "थोडं ऊन उतरलं की निघू" हा तिसरा पर्याय सगळ्यात वाईट, कारण तलावावरचा प्रत्येक जण तेच म्हणत असतो.

दिवस निवडायची मुभा असेल तर तीन दिवसांच्या सुट्टीतला मधला दिवस घ्या. पहिल्या दिवशी सकाळी बाहेर जाणारे रस्ते तुंबतात, शेवटच्या दिवशी संध्याकाळी आत येणारे.

तपासा: एका बाजूचा प्रवास साध्या दिवशी दोन तासांहून जास्त आहे का? असेल तर तो तलाव मुक्कामासाठी राखून ठेवा. एका दिवसात तो केला तर सहल कमी आणि प्रवासच जास्त होतो.

## टप्पा २: तलाव फोटो पाहून निवडू नका

फोटोत पाणी दिसतं. उतार, सावली आणि स्वच्छतागृह दिसत नाही. या तीन गोष्टींवर दिवस अवलंबून असतो.

आधी हे पाहा की जागा नैसर्गिक तलाव आहे की धरणाचा जलाशय. जलाशयाचे काठ पुष्कळदा एकदम खोल जातात, पाणी उतरलं की काठावर गाळ उघडा पडतो आणि त्यात पाय रुततो. शिवाय पाणी सोडलं जातं तेव्हा पातळी आणि ओढ बदलते. जलाशयाकाठी बसायला, फिरायला हरकत नाही. पाण्यात उतरायचं असेल तर पोहण्यासाठी मुद्दाम राखलेला, शक्यतो जीवरक्षक असलेला काठच निवडा.

सोबत कोण आहे यावरही निवड बदलते. लहान मुलं असतील तर हळूहळू खोल होत जाणारा काठ हवा. वयस्कर माणसं असतील तर गाडीपासून बसायच्या जागेपर्यंतचं अंतर आणि चढउतार महत्त्वाचा. त्यांना खडकाळ पायवाटेने खाली नेऊन "किती छान दिसतंय ना" असं विचारण्यात अर्थ नाही. पाळीव प्राणी न्यायचा असेल तर त्याला तिथे परवानगी आहे का, हे आधी विचारा.

शेवटी, जागा त्या दिवशी खरोखर उघडी आहे का, प्रवेशासाठी आधी नोंदणी लागते का आणि पाण्यात उतरायची मुभा आहे का, हे त्या ठिकाणच्या व्यवस्थापनाकडूनच कळून घ्या. दोन वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी अनुभवावर विसंबू नका.

तपासा: पहिला तलाव गर्दीने भरलेला किंवा बंद असेल तर त्याच रस्त्यावरचा दुसरा पर्याय ठरवून ठेवला आहे का? तो घरीच ठरवायचा. फाटकासमोर, मागे गाड्यांची रांग असताना, चांगले निर्णय होत नाहीत.

## टप्पा ३: आदल्या दिवशीची तयारी

हवामानाचा अंदाज दिवसाचा नको, तासातासाचा पाहा. पावसाबरोबरच वारा आणि विजांचा इशारा बघा. सकाळी आरशासारखं शांत असलेलं पाणी दुपारी लाटा मारू लागणं हे तलावावर नेहमीचं आहे: उन्हाने जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते आणि त्या फरकातून वारा सुटतो. उन्हाळी गडगडाटी पाऊसही बहुधा दुपारनंतरच येतो. होडी, पोहणं, जे काही पाण्यातलं असेल ते सकाळी ठेवायचं, ते यासाठीच.

नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या, कारण तलाव खोलगट भागात असतात आणि तिथे नेटवर्कचा भरवसा नसतो. गाडीत इंधन भरा, चाकांतली हवा बघा. हे सकाळी करायचं ठेवलं की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

पाण्याच्या काही बाटल्या रात्रीच फ्रीझरमध्ये ठेवा. बाटली काठोकाठ भरू नका. गोठताना पाणी फुगतं. याच बाटल्या बर्फाचं काम करतात आणि दुपारी प्यायलाही येतात. उन्हाच्या दिवशी माणशी किमान ३ लिटर पाणी धरा. थंड पेटी एकच असेल तर निदान खाणं तळाशी ठेवा. दोन असतील तर एक प्यायच्या वस्तूंची आणि एक खाण्याची करा, कारण पेयांची पेटी दर दहा मिनिटांनी उघडली जाते आणि तिच्यातला गारवा टिकत नाही.

पिशव्या माणसागणिक न भरता वेळेगणिक भरा. हे बहुतेक जण करत नाहीत आणि मग टॉवेल शोधायला सगळी डिकी उपसावी लागते.

- पहिली पिशवी, पोहोचताच लागणारी: चटई, टोप्या, सनस्क्रीन, पाणी, सुका खाऊ.
- दुसरी, पाण्याची: पोहायचे कपडे, टॉवेल, लाइफ जॅकेट, पाण्यात घालायच्या चपला, लांब दोरी.
- तिसरी, परतीची: प्रत्येकाचा कोरडा कपड्यांचा जोड, ओल्या कपड्यांसाठी प्लॅस्टिकची पिशवी, कचऱ्याच्या दोन पिशव्या, टॉर्च. ही पिशवी गाडीतच राहते.

प्रथमोपचाराचं सामान आणि रोजची औषधं यांपैकी कशातच टाकू नका. ती एका मोठ्या माणसाच्या खांद्यावर हवीत.

सावधान: लाइफ जॅकेट घरीच घालून बघा. पट्टे आवळा, दोन्ही हात वर करायला सांगा आणि खांद्याजवळ धरून जॅकेट वर ओढा. ते हनुवटी, कान गाठत असेल तर मोठं आहे. हवा भरायचे हातपट्टे आणि रबरी चाकं ही खेळणी आहेत, त्यांना जॅकेटच्या जागी मोजू नका.

## टप्पा ४: निघताना

फार काही नाही. पोटभर नाश्ता करून निघा, म्हणजे पोहोचताच डबे उघडावे लागत नाहीत. सनस्क्रीन गाडीतून उतरायच्या साधारण २० मिनिटं आधी लावा. एसपीएफ ३० किंवा त्यावरचं असावं. अंगभर लावायला मोठ्या माणसाला सुमारे ३० मिलिलिटर लागतं, म्हणजे आपण एरवी लावतो त्याच्या कितीतरी जास्त. ढग आले म्हणून टाळू नका. पातळ ढगांतून अतिनील किरणांचा मोठा भाग खाली येतोच.

कुठे जातोय आणि साधारण किती वाजता परतू, हे घरी राहणाऱ्या किंवा ओळखीच्या एका माणसाला सांगून ठेवा.

## टप्पा ५: पोहोचल्यावरची पहिली वीस मिनिटं

सगळ्यात जास्त घाई इथे होते. गाडीचं दार उघडलं की मुलं पाण्याकडे सुटतात, मोठी माणसं सामानाच्या मागे लागतात आणि पाण्याकडे कुणाचंच लक्ष नसतं. म्हणून नियम साधा ठेवा: जागा लागेपर्यंत कुणीही पाण्याजवळ जायचं नाही.

गाडी तोंड बाहेरच्या बाजूला करून लावा. मग सामान गाडीतच ठेवून दोघांनी काठाने एक फेरी मारा. सूचनाफलक वाचा, स्वच्छतागृह कुठे आहे ते बघा, फोनला नेटवर्क कुठे मिळतं ते पाहा आणि त्या भागातला तातडीच्या मदतीचा क्रमांक सगळ्यांना ठाऊक आहे याची खात्री करा.

आता बसायची जागा. सकाळी झाडाची सावली पश्चिमेकडे पडते आणि दुपारनंतर ती पूर्वेकडे सरकते. साडेनऊला जिथे मस्त सावली आहे, तिथे दोन वाजता ऊन असतं. म्हणून चटई सावलीच्या मधोमध टाकण्यापेक्षा ती नंतर कुठे जाणार ते बघून टाका, म्हणजे दिवसातून एकदाच हलवावी लागेल. वाळलेल्या फांद्यांखाली बसू नका. पाण्याच्या अगदी कडेलाही नको. चार पावलं मागे बसलं तर सामान कोरडं राहतं, आणि लहान मूल निसटलंच तर त्याला गाठायला अवधी मिळतो.

वाऱ्याची दिशाही बघून घ्या. वारा ज्या काठाकडे वाहतो तिथे फेस, शेवाळ आणि कचरा जमतो. वारा काठाकडून पाण्याकडे वाहत असेल तर पाणी स्वच्छ दिसतं, पण तरंगणारी प्रत्येक वस्तू आत आत जाते. रबरी गादीवर पहुडलेला माणूस याच काठावरून पाहता पाहता दूर निघून जातो आणि परत येताना त्याला वाऱ्याविरुद्ध हात मारावे लागतात. अशा दिवशी फुगवलेलं काहीही पाण्यात नेऊ नका.

तपासा: पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखा थर, हिरवट-निळ्या रेघा किंवा कुजकट वास आहे का? हे निळंहिरवं शैवाल असू शकतं आणि त्याच्या काही जाती विषारी असतात. अशा पाण्यात उतरू नका, मुलांना हात बुडवू देऊ नका आणि कुत्र्याला तर मुळीच पिऊ देऊ नका. अशा पाण्याने कुत्री दगावतात. काठावर बसून दिवस घालवायला मात्र हरकत नाही.

## टप्पा ६: पाण्यात उतरणं

आधी खोली. पाणी असतं त्यापेक्षा उथळ दिसतं. प्रकाश वळल्यामुळे वरून बघताना २ मीटर खोल पाणी सुमारे दीड मीटरचं वाटतं. म्हणजे "तळ दिसतोय" याचा अर्थ "पाय टेकतील" असा होत नाही. काठीने चाचपत, चपला घालून, पायाने तळ शोधत चालत जा. अनोळखी पाण्यात सूर मारणं किंवा खडकावरून उडी घेणं पूर्ण वर्ज्य. खालचा खडक मान मोडायला पुरेसा असतो.

मग थंडी. उन्हाळ्यात तलावाचं वरचं पाणी तापतं आणि खालचं गारच राहतं, दोन्ही सहज मिसळत नाहीत. कंबरेला कोमट लागणारं पाणी पायाशी बोचरं असू शकतं. १५ अंश सेल्सियसच्या खालच्या पाण्यात अचानक पडलं की दम लागतो, श्वास आवरत नाही, आणि चांगला पोहणाराही त्याच क्षणी पाणी गिळतो. असं झालं तर हातपाय मारत बसू नका. पाठीवर पडा, तोंड वर ठेवा, श्वास ताब्यात येईपर्यंत नुसतं तरंगा. पोहण्याचं त्यानंतर. हे मुलांना काठावर असतानाच सांगून, उथळ पाण्यात एकदा करून घ्या.

लक्ष ठेवण्याचं काम "आपण सगळे आहोतच की" यावर सोडू नका. सगळे असतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं की दुसरा बघतोय. एका वेळी एकच मोठा माणूस पहाऱ्यावर ठेवा. त्याच्या हातात फोन नाही, पुस्तक नाही, त्याने मद्य घेतलेलं नाही. १५ ते २० मिनिटांनी पाळी बदला आणि बदलताना तोंडाने सांगा: "आता तू बघ." पोहता न येणाऱ्या मुलापासून मोठ्या माणसाचं अंतर हात पोहोचेल एवढंच असावं, मुलाने जॅकेट घातलेलं असलं तरी.

बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही, हात हलवून बोलावतही नाही. तो पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो, डोकं मागे कललेलं, तोंड पाण्याच्या रेषेशी वरखाली होत असलेलं, हात बाजूला पाणी दाबत असलेले. काठावरून ते खेळण्यासारखं वाटतं. खेळणारी मुलं आवाज करतात. अचानक शांतता झाली की उठून बघा.

सावधान: कुणी बुडताना दिसलं तर भावनेच्या भरात उडी घेऊ नका. वाचवायला गेलेला माणूसच बुडाल्याच्या घटना वारंवार घडतात. आरडाओरडा करून मदत बोलवा, काठावर आडवं पडून काठी किंवा टॉवेल पुढे करा, दोरी फेका, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन किंवा थंड पेटी त्याच्याकडे टाका. दोरी सोबत आणायला सांगितली ती याचसाठी.

बाहेर काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर मदतीला फोन लावा आणि लगेच सुरुवात करा. बुडण्याच्या बाबतीत आधी तोंडाने श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास असं चालू ठेवायचं. पाणी काढण्यासाठी पोट दाबणं किंवा उलटं धरणं ही जुनी सवय घातक आहे. त्यात वेळ जातो आणि उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते. पाणी नाकातोंडात गेलेला माणूस शुद्धीवर असला, बरं वाटतंय म्हणाला, तरी त्याला डॉक्टरांकडे न्या. श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

ढगांचा गडगडाट ऐकू आला की सगळे पाण्याबाहेर. वीज दिसण्याची वाट बघायची नाही. झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत किंवा काचा वर केलेल्या गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं जाऊ द्या, मग बाहेर या. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्या.

## टप्पा ७: जेवण

पाण्यातून सगळे बाहेर आले, अंग पुसलं, की मग डबे उघडा. थोडे पाण्यात आणि थोडे जेवतायत असं झालं की पहारा मोडतो.

दूध, अंडी, मांस, शिजवलेला भात असे पदार्थ थंड पेटीबाहेर २ तासांहून जास्त ठेवू नका. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच. सकाळी गरम भरलेला डबा गाडीत तसाच दुपारपर्यंत ठेवणं ही नेहमीची चूक आहे. तो ना गरम राहतो ना गार. यापेक्षा कोरडे, टिकाऊ पदार्थ आणि न कापलेली फळं बरी. काठावर स्वयंपाक मांडायचा बेत करणाऱ्यांचा उत्साह मला समजतो, पण एका दिवसाच्या सहलीत तो कुणा एकाचा दिवस खातो. आणि तो एक जण बहुधा दर वेळी तोच असतो.

भांडी तलावात धुऊ नका, 'नैसर्गिक' म्हणवणाऱ्या साबणानेही नाही. धुवायचीच असतील तर पाणी भरून घेऊन काठापासून किमान ६० मीटर लांब धुवा. सोपा उपाय म्हणजे पुसून पिशवीत भरा आणि घरी नेऊन धुवा.

## टप्पा ८: काहीही न करण्याची वेळ

जेवणानंतरचे दीड-दोन तास मोकळे ठेवा. इथेच बेत बिघडवण्याची हौस जागी होते: जवळच एक धबधबा आहे, डोंगरावरून छान दिसतं, येताना एक देऊळ लागलं होतं. ज्यांना जायचं त्यांनी थोडं पायी फिरून यावं, पण सामान आवरून सगळ्यांनी गाडीत बसायचं नाही. दुपारी जागा सोडली की परत मिळत नाही.

झोपा, पुस्तक वाचा, पत्ते काढा. पक्षी बघायचे असतील तर वेताच्या, गवताच्या कडेला शांत बसा. स्पीकर मात्र घरीच राहू द्या. शांत पाण्यावरून आवाज फार लांब जातो आणि तुमचं आवडतं गाणं पलीकडच्या काठावरच्या अनोळखी लोकांनाही ऐकावं लागतं.

सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर पुन्हा लावा.

सावधान: झोपलेलं मूल किंवा कुत्रं गाडीत सोडून येऊ नका, "पाचच मिनिटं" म्हणूनही नाही. बंद गाडीतलं तापमान १० मिनिटांत सुमारे १० अंशांनी वाढतं आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

## टप्पा ९: आवराआवर आणि परत

ठरलेली वेळ झाली की आवरायला लागा. पाण्याबाहेर यायच्या अर्धा तास आधी एकदा सांगा, मग दहा मिनिटं आधी. "शेवटची एक डुबकी" ही दमलेल्या अंगाने, पहारेकऱ्याचं लक्ष सामानात असताना मारलेली डुबकी असते. ती सकाळीच मारून घ्या.

क्रम असा: मुलं बाहेर आणि कोरड्या कपड्यांत, मग ओले कपडे पिशवीत, मग खाण्याचं सामान, सगळ्यात शेवटी चटई. चटई उचलल्यावर एक जण ओळीने चालत झाकणं, वेष्टनं, मुलांच्या छोट्या वस्तू वेचेल. कचराकुंडी भरून वाहत असेल तर तिच्याशेजारी पिशवी ठेवून येऊ नका. रात्री प्राणी ती फोडतात. घरी न्या.

ऊन, पोहणं आणि जेवण यांनंतर चालकाला झोप येते. दुपारी ज्याने डुलकी काढली आहे त्याच्याकडे चाक द्या. पापण्या जड व्हायला लागल्या तर गाणी लावून, खिडकी उघडून रेटू नका. सुरक्षित जागी गाडी थांबवून १५-२० मिनिटं झोपा.

तपासा: चाव्या, चष्मे, औषधं, फोन. आणि माणसं मोजा, दोन गाड्या असतील तर दोन्ही गाड्यांत. "तो त्या गाडीत असेल" असं दोन्हीकडच्यांना वाटू शकतं.

घरी पोहोचल्यावर निदान तिसरी पिशवी आणि थंड पेटी त्याच रात्री उघडा. पेटीत बर्फ उरला नसेल आणि आतलं खाणं कोमट लागत असेल तर टाकून द्या. चपला, लाइफ जॅकेट, फुगवायच्या वस्तू नळाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओल्या गुंडाळून ठेवल्या तर बुरशी धरतेच, शिवाय त्यांना चिकटलेली पाणवनस्पती, बिया किंवा बारीक शिंपले पुढच्या वेळी दुसऱ्या तलावात जाऊन पडतात आणि तिथे पसरू शकतात. होडी नेली असेल तर तिच्यातलं साचलेलं पाणी मात्र तलावावरच, निघायच्या आधी, काढून टाकायचं असतं.